आधी पुरायचे, मग उपसायचे : टूसॉनमधील नऊ दिवस

नागपूरच्या माणसाला उन्हाचे कौतुक सांगू नये, असे मी लेकीला फोनवर तीनदा बजावले होते. ती अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन या शहरात राहते. जूनमध्ये येऊ नका, फार तापते, असे तिचे म्हणणे. आणि सत्तेचाळीस अंश पाहिलेल्या माणसाला हे कोण सांगते, असे माझे. खरे कारण वेगळेच होते. माझी एकतीस वर्षे सरकारच्या भूजल खात्यात, निरीक्षण विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी मोजण्यात गेली. वर्षाकाठी जेमतेम अकरा इंच पाऊस पडणाऱ्या वाळवंटात साडेपाच लाख वस्तीचे शहर विहिरींच्या पाण्यावर कसे वाढते, हे मला पावसाआधी, म्हणजे पाण्याची ओढ सर्वांत जास्त असताना पाहायचे होते. आमच्या नागपुरात त्याच्या जवळजवळ चौपट पाऊस पडतो, आणि तरीही मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या आहेत, हेही मनात होतेच.

पहिला दिवस, सोमवार

मृग कोरडा गेला होता आणि आर्द्रा नुकतीच लागली होती, तेव्हा २३ जूनला आम्ही दोघे नागपुरातून निघालो. तीन विमाने बदलून टूसॉनला उतरलो, तर तिथेही २३ जूनचीच रात्र होती. या राज्यात घड्याळे उन्हाळ्यात पुढे सरकवत नाहीत, त्यामुळे भारताशी अंतर बारा महिने साडेबारा तासांचेच राहते. घरी फोन करताना फार हिशेब करावा लागत नाही. विमानतळाच्या दारातून बाहेर पडताच कोरडी, गरम हवा तोंडावर आली. "अहो, हा तर आपल्या कूलरमधलं पाणी संपल्यावरचा वारा," सौ. म्हणाली. लेकीच्या घराच्या छपरावरही तसलाच कूलर दिसला. लाकडाच्या काड्यांच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा. वाळ्याचा वास तेवढा नव्हता.

दुसरा दिवस, मंगळवार

झोपेचे गणित बिघडलेले असल्याने पहाटे साडेचारलाच जाग आली आणि भिंतीपलीकडून येणारी एकसुरी घरघर ऐकू आली. लेकीचा समज असा, की तिथे विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. उभ्या टर्बाइन पंपाचा आवाज मात्र मी झोपेतही ओळखीन. उजाडताच चपला घालून बाहेर पडलो. दोन घरांच्या मध्ये एका घराएवढा मोकळा भूखंड होता, त्याला पुरुषभर उंचीची भिंत आणि जाळीचे फाटक. आत खडी पसरलेली, काँक्रीटच्या ओट्यावर उभी मोटर, तिच्या पोटातून निघून जमिनीत शिरलेला जाड पाइप, त्यावर मीटर आणि कोपऱ्यात क्लोरीनची लहानशी खोली. शहराची विहीर ती हीच. अशा विहिरी गावभर, कुठे शाळेमागे तर कुठे बागेच्या कोपऱ्यात, शेजाऱ्यांसारख्या गुपचूप उभ्या आहेत.

मी जाळीला नाक लावून उभा असताना समोरच्या अंगणातून एक वृद्ध बाई हातात झाडू घेऊन आल्या. मी इंग्रजीत विहिरीबद्दल विचारले तर त्या हसून म्हणाल्या, "पोझो." स्पॅनिशमध्ये विहिरीला पोझो म्हणतात. त्यांचे घराणे मेक्सिकन, चार पिढ्या याच गावातले. नातवंडे त्यांना 'नाना' म्हणतात, कारण इकडच्या मेक्सिकन घरांत आजी ती नाना आणि आजोबा ते ताता. आमच्याकडे नाना म्हटले की मिशा आणि टोपी डोळ्यांपुढे येते, हे त्यांना लेकीने समजावून सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या की मैत्री तिथेच झाली. पुढचे आठ दिवस मीही त्यांना नानाच म्हणालो.

नानांच्या वडिलांच्या घरी सांताक्रूझ नदीच्या काठाजवळ हाताने खणलेली विहीर होती. नदी तेव्हा काही टप्प्यांत बारमाही वाहायची. मग खोल विहिरी आल्या, विजेचे पंप आले, कापसाची शेती आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर माणसे आली. १९४०च्या दशकापर्यंत नदी आटली, आणि पुढे शहराच्या मध्यभागात पाण्याची पातळी काही ठिकाणी दोनशे फुटांहून अधिक खाली गेली. संत्र्याच्या पट्ट्यात, वरुड-मोर्शीकडे, मी हीच गोष्ट बोअरच्या आकड्यांत घडताना पाहिलेली असल्याने मला पुढचे वाक्य त्यांच्या आधी सुचत होते. एक प्रकरण मात्र अनपेक्षित निघाले. १९७६ साली नगरपरिषदेने पाण्याचे दर वाढवले, टेकडीवरच्या घरांना पाणी चढवण्याचा आकार वेगळा लावला, तर लोकांनी ते ठरवणाऱ्या सदस्यांना मतदानाने पदावरून परत बोलावले. नव्यांनी कारभार हाती घेऊन हिशेब पाहिला आणि दर काही खाली आणता आले नाहीत! त्याऐवजी १९७७ मध्ये मोहीम निघाली: दुपारी चार ते आठ बागेला पाणी घालू नका आणि घातलेच तर एक दिवस आड घाला. मोहिमेचे चिन्ह एक बदक होते. नानांच्या फ्रिजवर त्या बदकाचे विटलेले चित्र अजून चिकटलेले आहे.

संध्याकाळी त्यांनीच आम्हाला सान हुआनच्या मिरवणुकीला नेले. २४ जून हा तिथे पावसाळा सुरू होण्याचा परंपरागत दिवस. आणि हो, तिथल्या पावसालाही मान्सूनच म्हणतात. संताची मूर्ती खांद्यावर, मागे घोडेस्वार, बायकांच्या हाती फुले आणि आभाळात ढगाचा ठिपका नाही. मला लहानपणची धोंडी आठवली. डोक्यावर कडुलिंबाचा पाला बांधून दारोदारी पाणी मागणारी पोरे आणि वरून कळशी ओतणाऱ्या आयाबाया. तिथल्या एका गाडीवर बर्फ किसून त्यावर फळांचा रस ओतलेला 'रास्पादो' मिळाला. बर्फाचा गोळाच तो, काडीऐवजी पेल्यात. चिंचेचा घ्यावा.

तिसरा दिवस, बुधवार

गावाच्या पश्चिमेला सेंटिनेल पीक नावाची काळ्या दगडाची टेकडी आहे. टूसॉन हे नावच मूळच्या ओऽधम लोकांच्या भाषेतील 'काळ्या टेकडीच्या पायथ्याशी' अशा अर्थाच्या शब्दावरून आले. त्या पायथ्याशी झरे होते म्हणून तिथे चार हजार वर्षांपासून शेती आहे. स्पॅनिश लोकांनी १७७५ मध्ये तटबंदीचे ठाणे वसवले तेही याच पाण्याच्या आशेने. आता तिथे मातीच्या विटांच्या कुंपणात 'मिशन गार्डन' नावाची बाग राखली आहे. डाळिंब, अंजीर, द्राक्षे, मका, भोपळे, असा एकेका काळाचा एकेक वाफा. राखणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एका आजोबांनी ओंजळभर तेपारी दाखवली. ही शेंगभाजीच्या कुळातील डाळ पावसाच्या एका लोंढ्यावर पिकते, जास्त पाणी दिले तर उलट पानेच वाढतात. सौ.ने दाणे तळहातावर घोळवले आणि एकच शब्द उच्चारला: "मटकी." जात वेगळी, पण स्वभाव अगदी तोच.

बागेपासून जवळच नदीचे पात्र आहे. २०१९च्या जूनपासून शहर तिथे शुद्ध केलेले सांडपाणी सोडते, आणि सत्तर-ऐंशी वर्षे कोरड्या पडलेल्या पात्रातून एक पट्टा पुन्हा वाहतो. पाण्यावर चतुर उडत होते, काठाला लव्हाळे होते, आणि खाली चालत गेलो तर हळूहळू बारीक होत प्रवाह वाळूत चक्क दिसेनासा झाला. आमची नागनदी बारा महिने वाहते, पण कशाने वाहते ते नागपूरकरांना सांगायला नको. तिथे शुद्ध केलेले सांडपाणी १९८४ पासून जांभळ्या रंगाच्या वेगळ्या नळांनी बागा आणि गोल्फच्या मैदानांना देतात. जांभळा नळ दिसला की पिऊ नये, हे पर्यटकानेही लक्षात ठेवावे. आपल्याकडे भांडेवाडीचे शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, हे मी आजोबांना सांगितले तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतले. परदेशात आपल्या गावाबद्दल कोणी काही लिहून घेतले की उगीचच छाती फुगते.

ती छाती अकरा वाजता उतरली. नदीकाठाने आणखी जरा पुढे, असे करता करता मी टोपीशिवाय आणि बाटलीतले पाणी संपलेले असताना पुढे गेलो. घाम येतच नव्हता, म्हणजे येताच सुकत होता, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले ते कळले नाही. मेस्कीट नावाच्या एका झाडाच्या सावलीत डोके गरगरून बसलो. जावयाने गाडी आणली, सौ.ने मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि लेकीने एक शब्दही काढला नाही, जे अधिक लागले. जूनमध्ये जाणाऱ्यांनी पाहणे-फिरणे पहाटे पाच ते नऊ या वेळात उरकावे, माणशी किमान दोन लिटर पाणी जवळ ठेवावे आणि गाडीतही वेगळा साठा असावा. नागपूरचा अनुभव इथे चालत नाही, कारण नागपुरात आपण दुपारी घराबाहेर पडतच नाही.

चौथा दिवस, गुरुवार

सक्तीची विश्रांती. सौ.ने तेपारीची उसळ सावजी मसाल्यात केली, ती शिजायला चार तास लागले आणि नाना दोनदा वाढून घेत्या झाल्या. त्यांच्या घरची पोळी आमच्या पोळीपेक्षा मोठी, पातळ आणि पलीकडचे दिसेल अशी असते, तिच्याबरोबर ही उसळ फार छान जाते.

जेवताना पिवळ्या पाण्याची गोष्ट निघाली. उपसा भागेना म्हणून शेकडो किलोमीटरवरच्या कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणायचे ठरले. १९७३ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये ते पाणी, शुद्ध करून, शहरातील निम्म्याहून अधिक घरांच्या नळांत थेट सोडले. नानांनी त्या आठवड्यात मुलीच्या शाळेचे पांढरे सदरे धुवायला टाकले, ते गंजाच्या रंगाचे निघाले. नळाला तपकिरी पाणी, मागून पाइप फुटणे, बंब गळणे आणि माशांच्या टाक्यांत मासे मरणे. मला त्यातले कारण उमगत होते, त्यामुळे मी भाकरीच्या तुकड्यांनी ते ताटात मांडून दाखवले. लोखंडी नळांच्या आत विहिरींच्या पाण्याचा पापुद्रा कित्येक दशके बसलेला होता. नव्या नदीच्या पाण्याची रसायने निराळी, क्षार दुपटीहून अधिक, आणि ते पाणी पश्चिमेकडून आल्यामुळे नळांमधली वाहण्याची दिशाही अनेक ठिकाणी उलटी झाली. पापुद्रा सुटला आणि गंज घरात आला. पाणी वाईट नव्हते. जुन्या नळांना ते परके होते. १९९४ मध्ये हा पुरवठा थांबवला, आणि १९९५ मध्ये मतदारांनी ठराव करून नदीचे पाणी असे थेट देण्याला जवळजवळ बंदीच घातली. आता हातात नदीचे पाणी आहे पण देता येत नाही, आणि विहिरी आहेत पण आटताहेत. यातून गावाने वाट काढली ती दुसऱ्या दिवशी पाहिली.

पाचवा दिवस, शुक्रवार

जावयाच्या ओळखीतून विद्यापीठातील एका गटाबरोबर आव्रा खोऱ्यात जायला मिळाले. एरवी तिथे कुंपण असते, त्यामुळे जाणाऱ्यांनी आधी परवानगीची चौकशी करावी. पहाटे गेट्स पास या खिंडीतून उतरताना दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग उभे होते. त्यांच्या अंगावरच्या उभ्या चुण्या पाणी प्यायल्यावर फुगून उघडतात आणि आटल्यावर मिटतात. टोकांना लाल फळे पिकली होती. ओऽधम लोक सग्वारोच्याच वाळलेल्या बरगडीची लांब काठी करून ही फळे पाडतात आणि त्यांचे वर्ष या हंगामापासून सुरू होते.

खोऱ्यात उतरलो की आधी पडीक शेते लागतात. शहराने १९७०च्या दशकापासून इथली शेती विकत घेतली, वीस हजार एकरांहून अधिक, आणि पडीक ठेवली. जमीन नव्हे, जमिनीखालचे पाणी विकत घेतले. शेतकरी गेले, गावाची तहान राहिली. हे मला सुखाने लिहिता येत नाही, कारण संत्र्याच्या बागा वाळताना पाहिलेल्या डोळ्यांना पडीक जमीन पाहवत नाही.

मग अचानक पाणी. करड्या झुडपांच्या मध्यभागी शेतांएवढी चौकोनी उथळ तळी, त्यांत आभाळाचे प्रतिबिंब, काठाला शेकाट्यासारखे लांब पायांचे पक्षी. कालवा कोलोरॅडो नदीवरच्या हवासू सरोवरापासून सुमारे ५४० किलोमीटर आणि चौदा पंपगृहांतून एकूण जवळपास २,९०० फूट चढवून पाणी इथवर आणतो, आणि इतक्या खर्चाने आणलेले पाणी इथे जमिनीत मुरायला सोडून देतात! आमच्या गटातल्या एका तरुणाला हे पटेना. आम्हाला दाखवणाऱ्या बाईंनी मग काचेची बरणी पुढे केली: खाली गोटे, वर भरड वाळू, वर बारीक वाळू. हे खोरे म्हणजे दोन डोंगररांगांमधला खड्डा, लाखो वर्षांच्या गाळाने भरलेला. पाणी दिवसाकाठी फूटभर किंवा त्याहून अधिक खाली उतरते, शेकडो फूट वाळूतून गाळले जाते आणि जुन्या भूजलाला मिळते. पलीकडच्या बाजूला विहिरी आहेत, त्या हे नवे-जुने मिसळलेले पाणी उपसतात आणि डोंगर ओलांडून शहरात पाठवतात. मे २००१ पासून हे मिश्र पाणी घरोघर जाते. जुन्या नळांनी ते मुकाट्याने स्वीकारले, कारण पाणी जमिनीची ओळख घेऊन आले होते.

एक तळे मुद्दाम कोरडे ठेवले होते. तळाशी वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा पापडासारखा तडकून कडेने वळला होता. मी खाली बसून एक तुकडा उचलला. वरून हिरवट-काळा, खालून गुळगुळीत, बोटांत चुरला तर मैद्याइतका बारीक गाळ. हा थर बसला की मुरणे थांबते, म्हणून तळी पाळीपाळीने भरतात आणि सुकवतात. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळानंतर हजारो पाझर तलाव झाले, त्यांचेही दुखणे हाच थर, फक्त सुकवून काढण्याचा नेम कोणी पाळला नाही. फरक आणखी एक आहे आणि तो मी बाईंना सांगितला. आमच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून शिरते, साठवण थोडी, म्हणून कितीही मुरवले तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातले बरेच ओढ्याला लागलेले असते. यांच्या वाळूत ते वर्षानुवर्षे जागेवर राहते. त्यामुळे 'टूसॉनसारखे करा' असे नागपुरात येऊन कोणी सांगू लागला तर मी त्याला आधी दगड दाखवीन.

हिशेब मात्र नक्कल करण्यासारखा आहे. १९८०च्या भूजल कायद्याने या भागातला प्रत्येक मोठा उपसा नोंदवावा लागतो आणि नवी वसाहत बांधायची तर शंभर वर्षे पाणी पुरेल असे आधी दाखवावे लागते. कोलोरॅडोच्या पाण्यातून शहराचा वार्षिक हक्क १,४४,१९१ एकर-फूट, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे १७८ दलघमी (दशलक्ष घनमीटर). तेवढे सगळे गावाला लागत नाही. उरलेले पुरून ठेवले की खात्यावर जमा होते. दीर्घकाळ ठेवायच्या जमेतून साधारणपणे पाच टक्के जमिनीच्या नावावर कायमचे सोडावे लागतात. बाई हे सांगत होत्या आणि मला खळ्यावर धान्य मोजताना बलुतेदारांसाठी बाजूला काढलेली पाटी दिसत होती.

नदीच उणी पडली तर, हा प्रश्न अर्थात निघाला. कोलोरॅडोवरच्या मीड सरोवराची पातळी घसरल्याने ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा अधिकृत तुटवडा जाहीर झाला आणि २०२२ पासून अ‍ॅरिझोनाचा वाटा कापला गेला. नदीच्या वाटपाचे सध्याचे नियम २०२६च्या अखेरीपर्यंतच आहेत. बाईंनी फारसे काही न बोलता बूट तळ्याच्या काठावर आपटले आणि "खाली आहे ते आहे" अशा अर्थाचे काही म्हणाल्या. त्यांना खात्री किती होती ते मला उमगले नाही. परतताना एक गोष्ट मात्र पटली, की लोकसंख्या इतकी वाढूनही शहराची एकूण मागणी १९८०च्या दशकातल्या पातळीच्या आसपासच आहे, त्याचे श्रेय कालव्यापेक्षा नानांच्या फ्रिजवरच्या बदकाला अधिक.

सहावा आणि सातवा दिवस

शनिवारी दक्षिणेला सान हावियेर देल बाक हे पांढरे चर्च पाहिले. सध्याची इमारत १७८३ ते १७९७ मधली; आतले रंगकाम पाहायला सकाळचा प्रकाश बरा. आवारात ओऽधम बायका तळलेली जाड पोळी विकतात, भटुऱ्याची थोरली बहीण. मधाबरोबर खावी आणि दुपारचे जेवण विसरावे. हा भाग ओऽधम लोकांच्या राखीव क्षेत्रात येतो. सभोवतालच्या पंपांनी त्यांच्या शेतांखालचे पाणी गेले म्हणून त्यांनी १९७५ मध्ये दावा लावला, १९८२ आणि २००४च्या कायद्यांनी त्यांना कालव्याच्या पाण्यात हक्क मिळाला. जवळच एकेकाळी मेस्कीटचे दाट रान होते. मेस्कीट म्हणजे आपल्या शमीची आणि वेड्या बाभळीची भावकी. टूसॉनजवळच्या एका उघड्या खाणीत तिचे मूळ ५३ मीटर खोलीवर सापडल्याची नोंद आहे. एवढे खोल जाणारे झाडही पंपांच्या शर्यतीत मागे पडले आणि ते रान वाळून गेले.

येताना विमानतळाच्या बाजूने आलो. त्या परिसरात १९८१ मध्ये विहिरींच्या पाण्यात धातू धुण्याचे ट्रायक्लोरोइथिलीन हे द्रावण आढळले आणि विहिरी बंद कराव्या लागल्या. १९८३ मध्ये ते ठिकाण देशातील अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेले. दशकांपूर्वी खड्ड्यात ओतलेले पाणी आणि रसायन खाली पोचायला वेळ घेते, पण पोचते. जमिनीत साठवण करणाऱ्या गावाला वरच्या घाणीची भीती इतरांपेक्षा जास्त बाळगावी लागते, आणि एमआयडीसीच्या भोवतालच्या विहिरींचे नमुने काढलेल्या माणसाला याचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

रविवारी घरीच. सौ.ने लेकीच्या नळाच्या पाण्याचा चहा आणि बाटलीच्या पाण्याचा चहा शेजारी ठेवून चव घेतली आणि नळाला कौल दिला.

आठवा दिवस, सोमवार

स्वीटवॉटर पाणथळीवर पहाटे साडेपाचला पोचलो, तर फाटक बंद. उन्हाळ्यात सोमवारी सकाळी आठपर्यंत तिथे डासांसाठी फवारणी असते. तसे लिहिलेलेही होते, मीच वाचले नव्हते. गाडीत अडीच तास पोहे खात बसलो. १९९६ मध्ये झालेल्या या तळ्यांत सांडपाणी लव्हाळ्यांतून फिरून जमिनीत मुरते आणि नंतर विहिरींनी उपसून जांभळ्या नळांत जाते. आठ वाजता आत शिरलो तेव्हा कासवे ओंडक्यांवर रांगेने ऊन खात बसली होती. वाळवंटातल्या या सर्वांत हिरव्या जागेला वास आहे का, असे नागपुरात परतल्यावर तिघांनी विचारले. आहे, शेवाळाचा, फुटाळ्याच्या काठाला असतो त्याहून कमी.

नववा दिवस, मंगळवार

सकाळपासून कूलर लागेना. पंखा तोच, पाणी तेच, पण अंग चिकचिकत होते. "आभाळ येतंय," सौ. म्हणाली, खिडकीबाहेर न पाहता. नागपुरात जूनच्या मध्यावर कूलर असाच हात टेकतो आणि आपण आनंदाने तक्रार करतो. हवेत ओल वाढली की ताट्यांवरचे पाणी उडत नाही आणि वारा गार होत नाही, एवढेच ते शास्त्र. तीन वाजता दक्षिणेकडून काळे ढग चढले, आधी धुळीची भिंत आली, आणि मग पाऊस येण्यापूर्वीच त्याचा वास आला. तो मातीचा नव्हे, क्रिओसोट नावाच्या झुडपाच्या पानांचा, कडवट आणि डांबरासारखा. पहिल्याच श्वासाला तो आवडत नाही; तिसऱ्याला आवडतो.

त्या गावच्या अनेक गल्ल्यांत रस्त्याच्या सिमेंटच्या काठाला मुद्दाम खाचा पाडल्या आहेत. रस्त्यावरचे पाणी खाचेतून आत, झाडाभोवतीच्या खोलगट आळ्यात उतरते. अशी साठवण करणाऱ्या घरांना शहर २०१२ पासून पैशाची मदत देते. पाऊस सुरू होताच नाना रेनकोट न घालता झाडू घेऊन बाहेर धावल्या आणि खाचेत अडकलेला पालापाचोळा मोकळा करू लागल्या. मीही गेलो. रस्त्याचे तपकिरी पाणी घुम् आवाज करत आळ्यात शिरले, मेस्कीटच्या बुंध्याशी चढले. जुनी सवय हाताला स्वस्थ बसू देईना. लेकीच्या टेबलावरची फूटपट्टी आणून मी आळ्यात रोवली. सर्वांत जास्त सहा इंच. पाऊस पंचवीस मिनिटांत थांबला, आणि त्यानंतर छत्तीस मिनिटांनी पट्टीच्या तळाशी नुसता चिखल होता. नानांनी झाडू भिंतीला टेकवला आणि आकडा विचारला. मी बोटे दाखवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला सवयीने जाग आली. भिंतीपलीकडचा पंप बंद होता.